बंड केलेल्या आया

बाप एका टोकाला, मुलगा दुसऱ्या टोकाला आणि मधे एक बाई. आपल्या जुन्या सिनेमातली पिढ्यांची भांडणं आठवून पाहा, बहुतेक ठिकाणी मांडणी हीच दिसेल. ‘आवारा’मध्ये (१९५१) न्यायाधीश रघुनाथ आणि रस्त्यावर वाढलेला त्यांचा मुलगा राज. ‘मुगल-ए-आझम’मध्ये (१९६०) अकबर आणि सलीम. दोन्हीकडे बाप पृथ्वीराज कपूर. आपल्या लक्षात राहतो तो बापाचा आवाज, मुलाचे पेटलेले डोळे, दोघांमधली जुगलबंदी. मधल्या बाईकडे आपलं लक्ष जातं ते ती पदर डोळ्यांना लावते तेवढ्यापुरतं.

मी मात्र गेली काही वर्षं हे सिनेमे तिच्यासाठीच पुन्हा पुन्हा बघते आहे. ‘आवारा’तली आई लीला चिटणीस. ‘मुगल-ए-आझम’मधली जोधाबाई दुर्गा खोटे. आणि आपल्या मराठी घरांमधून तसबिरीसारखी मनात बसलेली ‘श्यामची आई’ (१९५३), ती वनमाला. तिघी मराठी, तिघी शिकलेल्या. आणि तिघींनी ऐन तरुणपणी घरादाराच्या, जातीच्या, प्रतिष्ठेच्या विरुद्ध जे पाऊल उचललं ते सलीमच्या फौजेपेक्षा मला जास्त धाडसाचं वाटतं. सलीमच्या मागे निदान सैन्य होतं. पडद्यावरचं बंड मुलग्यांनी केलं. पडद्यापर्यंत पोचायचं बंड या बायकांनी केलं. आणि मग सिनेमानं त्यांना आईचं लुगडं नेसवून बापलेकांच्या मधे उभं केलं.

वनमालाबद्दल मी जरा जास्त लिहिणार, कारण ती आमच्याकडची, ग्वाल्हेरची. जन्म उज्जैनचा, १९१५चा. घरातलं नाव सुशीला पवार. वडील रावबहादूर बापूराव पवार, ग्वाल्हेर संस्थानातले बडे अधिकारी. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला यापुढे फार सांगावं लागत नाही. लष्कर या ग्वाल्हेरच्या भागातल्या जुन्या वाड्यांमधून राहिलेल्यांना ते जग ठाऊक आहे. दारात बग्गी, डोक्यावर शिंदेशाही पगडी, दसऱ्याच्या दरबारात कुणाची जागा कुठे याचा हिशेब, आणि बायकांचा पदर डोक्यावरून ढळला तर दिवसभर त्याची चर्चा. अशा घरातली मुलगी बी.ए. झाली, पुण्याला जाऊन शाळेत शिकवू लागली, इथवर लोकांनी कसंबसं गिळलं असेल. पण १९४०मध्ये ती ‘लपंडाव’मधून पडद्यावर आली आणि लगेच पुढच्या वर्षी सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मध्ये पृथ्वीराज कपूरसमोर रुखसाना म्हणून उभी राहिली. वडिलांना हे मान्य नव्हतं. सरदार-दरकदारांच्या घरची मुलगी तोंडाला रंग लावून हजारो परक्या पुरुषांसमोर येते, हे तेव्हाच्या लष्करला पचण्यासारखंच नव्हतं.

आमची माई, म्हणजे माझी आजी, वनमालाचं नाव घेताना आवाज खाली आणायची. त्यात निंदा नव्हती, हे मला आज नक्की वाटतं. दारं लावून घेऊन एखादी मौल्यवान वस्तू दाखवावी तसा तो आवाज होता. “पवारांची सुशीला,” असं ती म्हणायची. वनमाला हे पडद्यावरचं नाव तिनं कधी घेतलं नाही.

आणि याच सुशीला पवारला अत्र्यांनी श्यामची आई केलं. साने गुरुजींनी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं ते पुस्तक, अत्र्यांनी त्यावर केलेला सिनेमा, आणि त्याला मिळालेलं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले त्या पहिल्याच वर्षीचं. ‘भरजरी गं पितांबर’ अजूनही आमच्याकडे राखीपौर्णिमेला कुणीतरी लावतंच. ही आई मुलाला ऐकायला शिकवते. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला फोकानं मारते, विहिरीवर धाडते आणि मागाहून स्वतः रडते. मोठ्यांचं ऐक, देवाचं ऐक, लोक नावं ठेवतील असं वागू नकोस. ते सगळं ती बोलते आणि आपण डोळे पुसतो. पण त्या चेहऱ्यामागची बाई वडिलांचं न ऐकता, लोकांनी नावं ठेवली तरी, इथवर आलेली आहे. हे ठाऊक झाल्यापासून मला त्या सिनेमातला तिचा कडकपणा निराळा दिसतो. मुलाला भित्रा राहू न देणारी आई म्हणून ती मला खरी वाटते. पाण्यात उडी मारल्याशिवाय पोहता येत नाही, हे तिनं कुणाकडून ऐकलेलं नव्हतं, स्वतः करून पाहिलेलं होतं. उत्तरायुष्यात ती अध्यात्माकडे वळली, वृंदावनात राहिली, आणि २००७मध्ये ग्वाल्हेरातच गेली.

दुर्गा खोट्यांची कथा मुंबईची, पण तिचा गाभा तोच. लाडांच्या सुखवस्तू घरातली मुलगी, इंग्रजी शाळेत शिकलेली, पुढे सेंट झेवियर्समध्ये. खोट्यांसारख्या मोठ्या घरात लग्न. मग विशीतच वैधव्य आणि पदरी दोन मुलगे. १९३१मध्ये ‘फरेबी जाल’मध्ये एक छोटी भूमिका केली तर त्यावर अशी टीका झाली की दुसरी एखादी घरी बसली असती. पुढच्याच वर्षी ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’त ती तारामती झाली, आणि भल्या घरच्या बायकांना सिनेमाचं दार उघडलं ते तिच्यामुळे, असं आज सगळेच म्हणतात. १९८३मध्ये फाळके पुरस्कार मिळाला. पण मधल्या काळात हिंदी पडद्यानं तिला काय दिलं? जोधाबाई. आणि ‘बॉबी’मध्ये (१९७३) बॉबीची आजी. घरातून पळून जाणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या त्या गोष्टीत सर्वांत मोठी बंडखोर आजीच्या झग्यात वावरत होती.

लीला चिटणीस धारवाडची, इंग्रजीच्या प्राध्यापकांची मुलगी, पदवीधर. लग्न मोडलं, चार मुलगे वाढवायचे होते, म्हणून आधी शिक्षिकेची नोकरी, मग नाटक, मग सिनेमा. ‘कंगन’, ‘बंधन’, ‘झूला’ अशा अशोककुमारबरोबरच्या तिच्या सिनेमांनी एक काळ गाजवला. पण १९४८च्या ‘शहीद’मध्ये ती दिलीपकुमारची आई झाली आणि मग आईच राहिली. ‘आवारा’मध्ये नवरा संशयानं गरोदर बायकोला घराबाहेर काढतो, ती हीच. जिनं खऱ्या आयुष्यात स्वतःच्या कमाईवर घर चालवलं तिला पडद्यावर नवऱ्यानं हाकललं की गटाराकाठी बाळंत होण्यावाचून गत्यंतर नाही. आणि ‘गाइड’मध्ये (१९६५) नाचणारी, नवऱ्याला सोडून आलेली रोझी घरात आली म्हणून घर सोडून जाते ती आईसुद्धा लीला चिटणीसच. मला त्या प्रसंगाचा राग येतो. रोझीला त्या घरात कुणी ओळखायला हवं होतं तर ते हिनंच.

आता थोडं बाहेरचं. पौगंडावस्थेतल्या बंडाचा विषय निघाला की हॉलिवूडच्या जेम्स डीनचं नाव येतंच. निकोलस रे यांचा ‘रेबेल विदाउट अ कॉज’ (१९५५) लोकांपुढे आला तेव्हा डीनला जाऊन महिनाही पुरा झाला नव्हता. मोटार अपघातात, चोविसाव्या वर्षी. म्हणून त्या सिनेमावर एक मरणाची छाया आहे आणि ती कधी पुसली जाणार नाही. त्यातला एक प्रसंग मी फार बारकाईनं पाहिला आहे. जिम, म्हणजे डीन, घरी येतो. जिन्याच्या वर, सूट घातलेले वडील गुडघे टेकून जमिनीवर सांडलेलं जेवण भरताहेत. बायकोसाठी नेत असलेलं ताट हातून पडलंय. कमरेला स्वयंपाकाचा झालरीचा एप्रन आहे. मुलगा क्षणभर त्यांना आईच समजतो, हसतो, आणि मग त्याचा चेहरा पडतो. तो विनवतो की राहू द्या ते तिथेच, आईला बघू द्या, उभे राहा. पुढे मोटारींच्या जीवघेण्या शर्यतीत एक पोरगा मरतो. जिमला पोलिसांकडे जाऊन खरं सांगायचं असतं, आई-बाप नको म्हणतात, आणि त्याच जिन्यावर आई वर, बाप खाली आणि मुलगा मधे अडकलेला दिसतो. कॅमेरासुद्धा तिरका होतो. बाप उठून आपल्या बाजूनं बोलत नाही म्हणून मुलगा त्याची कॉलर धरतो.

किती जबरदस्त आहे हे! आणि तरी मला इथे रे यांच्याशी भांडायचं आहे. बापाचा दुबळेपणा दाखवायला त्यांना एप्रनच का लागावा? घरातलं काम करणारा पुरुष म्हणजे कणा नसलेला, आणि ठाम बोलणारी आई म्हणजे घर बिघडवणारी, असा सगळा दोष त्या सिनेमानं आईच्या खात्यावर टाकला आहे. जिमच्या मैत्रिणीचं, ज्यूडीचं, तर विचारूच नका. सोळा वर्षांची मुलगी वडिलांच्या गालावर ओठ टेकवते, आता तू मोठी झालीस म्हणून ते चिडतात आणि तिला थोबाडीत मारतात. शेवटी जिमला त्याचा बाप परत मिळतो. आपला कोट मुलाच्या खांद्यावर घालून तो सांगतो की मी खंबीर होईन. ज्यूडीचा बाप त्या पहाटे तिथे नसतो. तिची ओळख जिमच्या आई-बापाशी होते, तेवढंच. तिचा प्रश्न तसाच राहिला आणि सिनेमा संपला.

फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोचा ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ (१९५९) याहून प्रामाणिक आहे. त्यातला आंत्वान शाळा बुडवल्याचं कारण म्हणून आई मेली असं ठोकून देतो, टाइपरायटर चोरतो, परत ठेवायला जातो तेव्हा पकडला जातो, आणि घरचेच त्याला पोलिसांच्या हवाली करतात. सुधारगृहातल्या मानसतज्ज्ञ बाईला तो सहज बोलावं तसं सांगतो की आईला मी नको होतो, आजी होती म्हणून मी जन्मलो. तिथेही मधे एक आजी उभी होती! पण ती पडद्यावर येत नाही. पोराच्या एका वाक्यात तिचं सगळं येतं आणि जातं.

मुलीचं बंड सिनेमाच्या मध्यभागी आणणारा सिनेमा आपल्याकडे या दोन्हींच्या कितीतरी आधी झाला, ‘कुंकू’, १९३७मध्ये. ‘प्रभात’, शांताराम, मूळ गोष्ट ना. ह. आपट्यांची. नीरेला तिचा मामा पैशांसाठी एका म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधतो, आणि ती सरळ सांगते की हे लग्न मी मानत नाही. पळून जात नाही, जीव देत नाही. त्याच घरात राहून नाही म्हणत राहते. सावत्र मुलगा चाळे करू लागतो तेव्हा त्याला छडीनं फोडून काढते. लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते, मुक्या गुरांसारखे हाकले जाऊ नका असं सांगणारी. नीरा झालेली शांता आपटे तेव्हा विशीत होती. तिच्या मानेचा ताठपणा बघा, आवाज बघा. आणि समोर केशवराव दाते. त्या म्हाताऱ्याला राक्षस न करता त्यांनी माणूस ठेवला म्हणून तर नीरेच्या नकाराला वजन आलं. भिंतीवरचं घड्याळ वाजत राहतं आणि हळूहळू त्याला आपण काय केलं ते कळत जातं. शेवटी तो तिला मुलीसारखी मानून मोकळं करतो आणि स्वतःला संपवतो. या सगळ्या सिनेमांत वडीलधारा खरोखर बदलला असा हा एकच, असं माझं मत आहे. त्यासाठी त्याला मरावं लागलं, हे मात्र मला आजही पटत नाही. बदललेल्या म्हाताऱ्यानं जगून दाखवावं.

आमच्या घरी गेल्या महिन्यात रविवारी दुपारी ‘मुगल-ए-आझम’ लागला होता, २००४मध्ये रंगवलेला. दौलतगंजमधलं आमचं वरच्या मजल्यावरचं घर, पंखा, आणि समोर दादा, वहिनी, त्यांची बारावीतली मुलगी, मी आणि आमची आत्या. आत्या आता ऐंशीच्या घरात आहे. भाचीला सिनेमाचं संकलन शिकायला पुण्याला जायचं आहे आणि दादाचं त्यावर साफ नाही आहे, त्यामुळे पडद्यावरचं आणि घरातलं एकाच वेळी चालू होतं. युद्धाला निघालेला अकबर जोधाबाईला नवरा की मुलगा अशा पेचात धरतो तिथे भाची म्हणाली, “ही काही करतच नाही. नुसती रडते.”

“काय करेल बेटा?” आत्या म्हणाली. “तलवार घेणारा पण तिचाच, मान देणारा पण तिचाच.”

मला राहवलं नाही. मी भाचीला आंतरीची गोष्ट सांगितली. अनारकलीची प्रेमकथा ही दंतकथा, पण सलीमचं बंड खरं. चांगला तिशी ओलांडलेला शहजादा अलाहाबादेला स्वतःचा दरबार थाटून बसला होता, आणि बापाचा सर्वांत जवळचा माणूस अबुल फझल दक्षिणेतून परत येत असताना १६०२मध्ये त्यानं त्याला वीरसिंह बुंदेल्याकडून मारवलं. अबुल फझलची कबर आंतरीला आहे, आपल्या ग्वाल्हेरच्या दक्षिणेला, झाशीच्या वाटेवर. इथल्या किती जणांना ते ठाऊक असतं? आणि यानंतर बापलेकांचा सलोखा कुणी घडवला? सलीमा सुलतान बेगम, अकबराची बायको, सलीमची सावत्र आई. ती उठून अलाहाबादेला गेली, त्याच्याशी बोलली आणि त्याला घेऊन आग्र्याला आली. अकबराची म्हातारी आई हमीदा बानू हिनंही नातवासाठी शब्द टाकला होता. बायका मधे उभ्या होत्या, हे सिनेमानं बरोबर पकडलं. पण त्या प्रवास करून जात होत्या, बोलत होत्या, राजकारण करत होत्या, ते त्यानं सोडून दिलं.

आत्या बराच वेळ गप्प होती. मग तिनं जे सांगितलं ते घरात सगळ्यांना अर्धवट माहीत होतं, पण तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. अठराव्या वर्षी ती रेडिओच्या गाण्याच्या चाचणीत पास झाली होती. पत्र आलं. आजोबांनी वाचलं, घडी केली आणि कोटाच्या खिशात ठेवलं, बस. “अण्णांचा राग मला नाही,” आत्या म्हणाली. “ते तसेच होते. पण माई तिथेच होती ना. ताट वाढत होती. एक शब्द बोलली असती.”

पवारांच्या सुशीलेचं नाव इतक्या जपून घेणारी माई! मला त्या दोन गोष्टी एकत्र ठेवता येईनात, अजूनही येत नाहीत. ती घाबरली असेल. किंवा बोलून उपयोग नाही हे तिनं आधीच ठरवलं असेल, जसं आपल्या सिनेमातल्या आया ठरवतात.

जावेद अख्तर यांचा जन्म आमच्या ग्वाल्हेरचा, १९४५चा. वडील जाँ निसार अख्तर इथे व्हिक्टोरिया कॉलेजात शिकवत. आई सफिया गेली तेव्हा जावेद जेमतेम आठ वर्षांचे, आणि वडिलांशी पुढे दुरावा. सलीम खान इंदूरचे, वडील पोलीस खात्यात. या दोघांनी मिळून ‘दीवार’, ‘त्रिशूल’ आणि ‘शक्ती’ लिहिले. ‘शक्ती’मध्ये (१९८२) पळवून नेलेला लहान मुलगा फोनवर पोलीस अधिकारी बापाचा आवाज ऐकतो: मुलासाठी मी गुन्हेगाराला सोडणार नाही. ते एक वाक्य मुलगा मरेपर्यंत विसरत नाही. तिथे आई झालेली राखी मधे उभी आहे आणि गोळीला बळी पडते. आईवाचून वाढलेल्या मुलांनी आईला इतकं मोठं केलं, आणि इथे तिला जगू मात्र दिलं नाही.

त्याच रविवारी सिनेमा संपल्यावर दादा म्हणाला, “आधी हिचं बी.ए. होऊ दे. मग बघू.”

“वनमाला बी.ए. होऊनच गेली होती,” आत्या म्हणाली. “तिच्या वडिलांचा राग त्यानं कमी झाला होता का?”

दादा काही बोलला नाही. रागावला आहे हे दिसत होतं, पण आत्याला उलट उत्तर देण्याची आमच्या घरात रीत नाही. भाची मान खाली घालून बसली होती. मग आत्यानंच विचारलं की फी किती, राहायचं कुठे, मुलींचं वसतिगृह आहे का, परीक्षा कधी. भाचीनं एकेक सांगितलं. दादा ऐकत होता. मधेच त्यानं एका आकड्यावर “एवढी?” म्हटलं, आणि मला हायसं वाटलं, कारण फी विचारणारा बाप अजून पूर्ण नाही म्हणालेला नसतो.

अर्जावर सही अजून झालेली नाही. वाद रोज होतो, कधी जेवताना, कधी जिन्यात. वहिनी आता बोलायला लागली आहे. परवा तिनं दादाला सगळ्यांसमोर सांगितलं की मुलगी माझीही आहे. आणि आत्यानं जाहीर करून टाकलं आहे की परीक्षेला पोरीबरोबर मी जाणार, माझी पेन्शन आहे, कुणाला तोशीस नको. पुण्याच्या गाडीची चौकशी तिनं स्टेशनवर माणूस पाठवून कालच केली.